काय घालता हो काकू?

भिशीत, लग्नात, भाजीच्या ठेल्यावर, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न आला. ‘काकू, तुमच्याकडचे पांढरे कपडे असे लख्ख कसे? काय घालता?’ ‘धुण्याचा सोडा’ म्हटलं की समोरची हिरमुसते. मग आवाज खाली आणून, ‘आणि ब्लीच?’ नाही घालत. ‘कधीच नाही? का पण?’

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सांगून टाकते.

1991 साली लग्न होऊन मी देवासहून इंदूरच्या लोकमान्य नगरात आले. पहिलाच गणपती. आमच्या अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, एक मुकटा होता, त्यांच्या लग्नातला. वर्षभर ट्रंकेत, चतुर्थीला अंगावर. जुनं रेशीम पिवळं पडतं तसा तो पडला होता. मला तो मळका वाटला. नव्या सुनेला काहीतरी करून दाखवायचं होतं, दुसरं काय! हरतालिकेच्या संध्याकाळी न्हाणीत अर्धी बादली पाणी घेतलं, बाजारातून आणलेल्या ब्लीचची अर्धी बाटली त्यात रिकामी केली आणि मुकटा बुडवून ठेवला. रात्रभर जागरण होतं. शेजारपाजारच्या जमल्या होत्या. मी फुगड्या घातल्या, उखाणे घेतले आणि मनातल्या मनात सकाळची शाबासकीही घेतली.

पहाटे बादलीत हात घातला तर हाताला कापडच लागेना. दुधावरची साय बोटांत यावी तसं काहीतरी बुळबुळीत वर आलं आणि सुटून पडलं. दुसऱ्यांदा हात घातला, पुन्हा तेच. शेवटी बादली कलंडली. सगळं मोरीतून गेलं आणि जाळीवर एक लांबच लांब पांढरा दोरा अडकून राहिला. किनारीला टीप मारलेला सुती दोरा. टाक्यांच्या वळ्या अजून जशाच्या तशा. ब्लीचने सुताला धक्का लावला नव्हता, फक्त रेशीम खाल्लं होतं. रेशीम आणि लोकर म्हणजे प्राण्यांचं प्रथिन, आपल्या केसांसारखं, ब्लीचमध्ये ते विरघळतं, हे मला नंतर कळलं. बाटलीवर बारीक अक्षरांत तेव्हाही छापलेलं होतंच.

तो दोरा हातात घेऊन सासूबाईंपुढे उभी राहिले. त्यांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘पांढरा कर म्हणून कुणी सांगितलं होतं?’

अण्णा तेवढंही बोलले नाहीत. आंघोळ करून ओला पंचा नेसला आणि ओलेत्यानेच पूजेला बसले. बाहेर पाऊस. पंच्याचं पाणी पाटावरून फरशीवर ओघळत होतं आणि मी शेजारी बसून दूर्वा निवडून देत होते. आरतीला आलेले एक आजोबा म्हणाले, ‘वा, काय कडक सोवळं!’ अण्णा नुसते हसले. ते चिडले असते तर मी केव्हाच सुटले असते.

झालं. हे ‘का’ आहे. विज्ञान म्हणून लंगडं आहे, मान्य. एका रेशमासाठी सगळ्या सुताला ब्लीच बंद, असं कोणी करतं का? मी केलं.

आणि मग पार दुसऱ्या टोकाला गेले. रिठे, लिंबू, खायचा सोडा अन् व्हिनेगर. भिशीत प्रवचनं दिली. ज्यांनी ती ऐकली त्यांची माफी मागते. सोडा-व्हिनेगर फसफसतं ते बघायला छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे धुण्याच्या कामाचं फारसं काही उरत नाही. रिठा रेशमाला उत्तम, पण त्याचं तपकिरी पाणी पांढऱ्या सुताला चढतं. तेव्हा ‘आम्ही केमिकल वापरत नाही’ म्हणून मिरवायचे. धुण्याचा सोडा काय झाडाला लागतो? आणि आमच्या पावडरीतही चमक आणणारी द्रव्यं आहेतच. उन्हातले अतिनील किरण घेतात आणि निळसर उजेड परत टाकतात. म्हणजे तुम्ही ज्याला लख्ख म्हणता ते थोडं डोळ्यांना फसवणंच आहे. नीळही तेच करते, पण उघडपणे.

खरी गोम पाण्यात आहे. इंदुरात नर्मदा आली 1978 साली, पण आमच्या नळाला येते एक दिवसाआड. मधल्या दिवशी बोरिंग. त्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्यातल्या कॅल्शियमशी मिळून चिकट साका होतो, तो धाग्यात बसतो आणि मळ धरून ठेवतो. कपडे कळकट होतात ते त्याने. म्हणून पांढरं धुणं नर्मदेच्या दिवशी. बोरिंगचंच पाणी असेल तर गरम पाण्याच्या बादलीत आधी दोन चमचे धुण्याचा सोडा, तो विरघळला की मग पावडर, नेहमीपेक्षा कमीच. सुती कपडे त्यात रात्रभर. सकाळी बुळबुळ जाईपर्यंत विसळायचे, तीन पाणी तरी, आणि ओलेच कडक उन्हात. रेशमाला, लोकरीला हा सोडासुद्धा नको. फारच हट्टी डाग असेल तर सोडियम परकार्बोनेट, गरम पाण्यात. हो, तेही ब्लीचच, ऑक्सिजनवालं. तुम्ही पकडायच्या आत मीच सांगते.

परवा रंगपंचमीला नातू शाळेचाच शर्ट घालून राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला गेला. आला तो गुलाबी होऊन. सूनबाई बाटली घेऊन उभी. ‘आई, सुती आहे. घालू का थोडंसं?’ सुती आहे, चाललं असतं. तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी म्हटलं, ‘थांब जरा.’

आज चौथा दिवस. शर्ट परकार्बोनेटच्या तिसऱ्या बादलीत आहे, अजून कॉलरपाशी गुलाबी. सोमवारी शाळा आहे आणि बाटली न्हाणीच्या खिडकीत तशीच ठेवलेली आहे.