नऊ इंचांची पाणसळ

आमच्या कूलरच्या डाव्या बाजूचे गवत कोरडे राहते, ही तक्रार मी सलग तीन उन्हाळे ऐकली. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो, आणि अशा दिवसांत कूलरची एक बाजू कोरडी राहणे म्हणजे घरातल्या एका माणसाने रात्रभर गरम वारा अंगावर घेणे. तो माणूस मी नव्हतो, म्हणूनच ती तक्रार तीन वर्षे टिकली. पहिल्या वर्षी पंप बदलला, दुसऱ्या वर्षी गवत बदलले, तिसऱ्या वर्षी वरच्या पन्हाळीची भोके दाभणाने मोकळी केली. शेवटी एका दुपारी, दुसरे काही सुचत नव्हते म्हणून, खिशातली नऊ इंची लेव्हल, म्हणजे बुडबुड्याची पाणसळ, काढून कूलरच्या पत्र्याला आडवी चिकटवली. बुडबुडा तडक डाव्या टोकाला जाऊन बसला. बुडबुडा नेहमी उंच बाजूकडे जातो, म्हणजे कूलरची डावी बाजू उंच होती आणि पंपाने वर चढवलेले पाणी पन्हाळीतून सगळे उजवीकडे पळत होते. उजवीकडच्या दोन पायांखाली शहाबादी फरशीची एकेक कपची सारली, बुडबुडा दोन रेघांच्या मधे आला, आणि संध्याकाळपर्यंत डावीकडचे गवत भिजून त्याचा ओला वास खोलीभर झाला. टाकीतले पाणी तीन वर्षे उजव्या बाजूला दोन बोटे वर दिसत होते, हे मला त्यानंतर आठवले. कूलरच्या पोटात एवढी मोठी लेव्हल आधीपासूनच होती आणि मी तिच्यात रोज बादलीने पाणी ओतत होतो.

ही लेव्हल मी एका हार्डवेअरच्या दुकानातून, खिळे आणि स्क्रू घ्यायला गेलो असताना, जवळजवळ सुट्या पैशांच्या बदल्यात घ्यावी तशी घेतली. लांबीला ती बरोबर एक वीत आहे. अॅल्युमिनियमचा पिवळा रंग दिलेला ठोकळा, त्यात तीन नळ्या: एक आडव्यासाठी, एक उभ्यासाठी आणि एक ४५ अंशांसाठी, जी मी आजवर दोनदा वापरली असेन. तळाशी लोहचुंबक बसवलेले आहेत आणि त्याच तळाला लांबीभर एक खाच आहे, त्यामुळे ती गोल पाईपवर ठेवली तरी लोळत नाही. नळी वरवर सरळ दिसते, पण आतून तिला बारीकशी कमान असते. ती नसती तर बुडबुड्याला मधोमध थांबायला काही कारणच उरले नसते; जरा कलले की तो थेट टोकाला गेला असता. कमानीचा जो भाग त्या क्षणी सर्वांत उंच असेल तिथे तो जाऊन थांबतो. कमान जितकी मंद, तितकी लेव्हल संवेदनशील. नळीत पाण्याऐवजी स्पिरिट भरतात, कारण ते थंडीत सहजासहजी गोठत नाही आणि त्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, म्हणून बुडबुडा अडखळत नाही. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही. आपल्याकडे उलटा प्रकार होतो. मे महिन्यात भर दुपारी फाटकावर चिकटवून ठेवलेल्या लेव्हलचा बुडबुडा पाहिला तर तो सकाळपेक्षा चक्क आखूड झालेला दिसतो, कारण आतला द्रव उष्णतेने फुगून त्याची जागा खातो. दोन्ही टोकांकडून तो सारखाच आखडत असल्याने मापात फरक पडत नाही, एवढीच काय ती सोय.

असे उपकरण प्रथम १६६१ च्या सुमारास मेल्शिसेदेक तेव्हनो या फ्रेंच विद्वानाने तयार केले. आपल्या भाषेला त्यासाठी नवा शब्द शोधावा लागला नाही, कारण पाणसळ हा शब्द पूर्वीपासून होता, आणि त्यात स्पिरिट नसून पाणीच आहे. आमच्याकडचे गवंडी अजूनही मोठ्या कामाला पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतात. एक टोक या भिंतीपाशी, दुसरे टोक त्या भिंतीपाशी, मधे कितीही खोल्या येवोत, दोन्ही टोकांतले पाणी एकाच उंचीवर उभे राहते. नळीत हवेचा फुगा अडकला तर मात्र माप फसते, म्हणून मिस्तरी आधी नळी उभी धरून तिला टिचक्या मारतो. गंमत अशी की एका लेव्हलचे सगळे काम हवेच्या बुडबुड्यावर चालते आणि दुसरीचे काम तोच बुडबुडा बिघडवतो. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीचे बंधारे आणि पाट शतकानुशतके चालत आले आहेत. त्यांत बंधाऱ्यापासून शेतापर्यंत पाणी कुठेही उपसावे लागत नाही, ते नुसत्या ढाळावर जाते. ढाळ थोडा जास्त झाला तर पाट खरवडून निघेल आणि थोडा कमी झाला तर गाळ साचेल, अशा त्या आखणीपुढे माझी एक वीत लेव्हल अगदीच खेळणे वाटते, आणि मोठ्या कामात ती तशी आहेही. वीस फुटांच्या भिंतीवर ती एकटी ठेवून रेघ मारत गेलो तर प्रत्येक वितीची चूक पुढच्या वितीत मिळत जाते. अशा वेळी एक लांब सरळ पट्टी घ्यावी आणि तिच्यावर ही बसवावी, किंवा सरळ मिस्तरीला बोलवावे.

खेळणे म्हटले तरी ती खोटी आहे की खरी हे घरच्या घरी तपासता येते, आणि विकत घेण्याआधी दुकानातच तपासावे. काउंटरच्या काचेवर ती ठेवायची, बुडबुडा कुठे थांबतो ते नीट पाहायचे, मग जागा न बदलता तिची टोके फिरवून पुन्हा ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा दुकानाच्या दाराकडेच तेवढाच झुकला तर काउंटर कललेला आहे आणि लेव्हल निर्दोष आहे. पहिल्यांदा दाराकडे आणि दुसऱ्यांदा भिंतीकडे गेला, म्हणजे लेव्हलच्याच एका टोकाला चिकटून राहिला, तर ती खाली ठेवून दुसरी मागायची. मी चार लेव्हल अशा फिरवल्या तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे, आंबे हुंगून परत ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे पाहिले. साध्या लेव्हलकडून एका मीटरला साधारण एक मिलिमीटर एवढ्याच अचूकतेची अपेक्षा असते. हे किती होते ते पाहायचे असेल तर एका टोकाखाली वहीचा एक कागद सारावा. बुडबुडा हलल्याचे जेमतेम जाणवते. मग पोस्टकार्ड सारावे. आता तो निमूटपणे सरकलेला दिसतो. घरातल्या कामाला याहून अधिक नेमके काही लागत नाही.

लोहचुंबकाने मात्र या लेव्हलचा स्वभावच बदलून टाकला आहे. साधी लेव्हल धरायला एक हात जातो, पेन्सिलीला दुसरा हात जातो, आणि स्क्रू पिळायला तिसरा हात शेजाऱ्याकडून मागून आणावा लागतो. ही चिकटते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. घेतल्यानंतर पहिले आठ दिवस मी घरात ती घेऊन फिरत होतो, आणि घरात लोखंड कुठे आहे आणि कुठे नाही हे मला त्या आठ दिवसांत कळले. गोदरेजच्या कपाटाला ती बसली, खिडकीच्या गजांना बसली, नळाच्या जुन्या पाईपला तर खाचेमुळे घोड्यावर बसावे तशी बसली. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीवरून मात्र खाली पडली आणि स्टीलच्या हंड्यावरूनही पडली, कारण भांड्यांच्या बहुतेक स्टेनलेस स्टीलला चुंबक धरत नाही. फ्रिजवर ती बसली, पण बुडबुडा समोर आला नाही, मागे गेला. आणि फ्रिज तर किंचित मागे झुकलेला असावा लागतो, म्हणजे दार आपोआप लागते. आमचे दार वर्षभर पायाने ढकलून लावावे लागत होते.

चुंबकाचा एक दुर्गुण मला एमआयडीसीतल्या मित्राच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये समजला. तो फाटके, जिने आणि शेडचे सांगाडे बनवतो, आणि त्याच्याकडे दिवसभर ग्राइंडर चालत असतो. खाली सगळीकडे लोखंडाचा कीस पडलेला असतो. मी एका फाटकाच्या चौकटीवर लेव्हल लावली आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की उजवीकडे दोन मिलिमीटर उचला. तिथल्या वेल्डरने काही न बोलता माझी लेव्हल उचलली, उलटी केली आणि तळावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काळा कीस लागला, दाढीच्या खुंटांसारखा उभा राहिलेला. लेव्हल पॅण्टला पुसून त्याने परत चिकटवली, बुडबुड्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "लेव्हलमा शे, भाऊ." तेव्हापासून मी लावण्याआधी तळ पुसतो. त्याच शेडच्या पलीकडे एक लेथ आहे. ती बसवताना जी लेव्हल वापरली होती ती मीटरला ०.०२ मिलिमीटर इतका फरक दाखवते. तिला हातात धरून ठेवले तर हाताच्या उबेनेही बुडबुडा सरकतो, म्हणून ती ठेवून बाजूला व्हायचे आणि चहा घेऊन यायचे, मग वाचायची. माझ्या लेव्हलला असला मान नाही. तिला खिशातून काढले की तिने लगेच बोलायचे असते.

तिने बोलूनही मी ऐकले नाही, असे एकदा घडले आहे, आणि त्याबद्दल मला अजून पश्चात्ताप झालेला नाही. पारोळ्याला आमचे जुने धाब्याचे घर आहे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. तिथल्या माजघरात मी तुळईच्या वीतभर खाली पुस्तकांसाठी एक फळी लावायला घेतली. लाकूड आणि माती यांवर चुंबकाचा उपयोग शून्य, म्हणून लेव्हल हाताने धरली, दोन्ही टोकांना खुणा केल्या, बुडबुडा अगदी मधोमध असताना फळी ठोकली आणि चार पावले मागे येऊन पाहिले. फळी डावीकडे उतरलेली दिसत होती. पुन्हा लेव्हल लावली, बुडबुडा मधोमध. पुन्हा मागे आलो, फळी वाकडी. काकू दारात येऊन म्हणाल्या, "अरे, वाकडी लावलीस की." खरे तर वाकडी तुळई होती. ऐंशी-नव्वद पावसाळे डोक्यावर माती घेऊन ती उजवीकडे चांगली तीन बोटे उतरली होती, आणि त्या खोलीत वावरणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्याने तीच आडवी रेघ मानून ठेवली होती. लेव्हलला तुळई दिसत नाही. तिला पृथ्वीची ओढ तेवढी कळते, आणि काकूंना पृथ्वीच्या ओढीशी कर्तव्य नव्हते. मी खिळे काढले आणि फळी उजवीकडे अर्ध्या बोटाने खाली घेतली, इतकी, की बुडबुडा डाव्या रेघेला ओलांडून थोडा पुढे गेला. आता ती फळी लेव्हलप्रमाणे चुकीची आहे आणि तुळईप्रमाणेही चुकीची आहे, पण खोलीत शिरणाऱ्या कोणालाही ती दिसत नाही, आणि फळीबाबत मला एवढेच हवे होते.

ज्या गोष्टी सपाट असूच नयेत त्यांची यादी घरातही बरीच मोठी निघते. न्हाणीची फरशी मोरीकडे उतरलेली हवी, धाब्याला पन्हाळीकडे ढाळ हवा आणि तो दर पावसाळ्याआधी माती टाकून पुन्हा द्यावा लागतो. काही लेव्हलच्या नळीवर नेहमीच्या दोन रेघांबाहेर आणखी दोन रेघा असतात, त्या साधारण मीटरला दोन सेंटिमीटर उतार दाखवतात आणि सांडपाण्याच्या पाईपला उपयोगी पडतात. भुसावळहून सुटलेली गाडी वळणावर येते तिथे बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा मुद्दाम उंच ठेवलेला असतो. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला सिंककडे किंचित उतार द्यायला सांगितले होते. ज्याने ओटा बसवला त्याने उतार अचूक दिला, पण खिडकीकडे. ही बातमी मला लेव्हलने दिली नाही. नव्या घरात पहिली फोडणी केली तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, तेल सगळं खिडकीकडं जातंय, मोहरी इकडं कोरडीच राहिली." शेगडीच्या दोन पायांखाली रबराच्या चकत्या घातल्या आणि तेल मधे आले; ओट्यावरचे पाणी अजून खिडकीकडेच जाते आणि फडक्याने सिंककडे ओढावे लागते.

एवढे सगळे करून झाल्यावर, एकदा नीट बसवलेली वस्तू नीट राहील असे मला वाटत होते. आमची कॉलनी पूर्वी कपाशीचे शेत होती, आणि खाली काळी माती आहे. ही माती पावसाचे पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभी असलेली घरेही त्या तालावर थोडीफार हलतात. आमच्या मागच्या दाराला लोखंडी चौकट आहे. दर पावसाळ्यात ते दार कडीकडच्या बाजूला घासू लागते. पहिल्या वर्षी सुताराने रंधा मारून दिला, दार सुरेख लागू लागले आणि पौषात त्याच फटीतून अंगावर काटा येईल असा वारा आला. दुसऱ्या वर्षी त्याने त्याच कडेला पट्टी ठोकून दिली, आणि आषाढात तीच पट्टी पुन्हा घासली. लेव्हल हाती आल्यापासून मी चौकटीच्या उभ्या बाजूला ती एका ठरावीक उंचीवर चिकटवतो आणि शेजारच्या गिलाव्यावर पेन्सिलीने दोन रेघा, त्यांच्यातला बुडबुडा आणि तारीख काढून ठेवतो. भिंतीवर अशा सात बुडबुड्यांची उतरंड झाली आहे. जूनच्या शेवटी ते उजव्या रेघेला टेकलेले आहेत आणि फेब्रुवारीत मधोमध आले आहेत. मुलाने एकदा त्यांतल्या दोघांना डोळे काढले, ते मी पुसलेले नाहीत.

यंदा पहिला चांगला पाऊस झाल्यावर पंधरा दिवसांत दार पुन्हा घासले. सुताराचा नंबर लावण्याआधी लेव्हल चिकटवून पाहिली. बुडबुडा गेल्या आषाढात होता त्याच जागी होता. नंबर लावला नाही. भिंतीवर आठवा बुडबुडा काढला, तारीख टाकली, आणि दिवाळीपर्यंत मागचे दार जरा वर उचलून लावायचे, असे घरात सगळ्यांना सांगितले.