किसुमूच्या पत्र्यांसाठी पन्नास हजार: माझा अनुभव

केनियातल्या किसुमूच्या एका चर्चच्या छपराचे पत्रे बदलायला मी इंदूरहून पन्नास हजार रुपये पाठवले, त्याची ही गोष्ट. आधी कामाचं सांगतो. पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं ध्यानात ठेवा. स्वतःच्या खिशातले पैसे परदेशातल्या एखाद्या चर्चला पाठवायचे असतील तर पैसे कशासाठी जातायत ते बँकेला सांगायला रिझर्व्ह बँकेने कोडांची यादी केली आहे, तिच्यात त्यासाठी वेगळा कोड आहे: एस१३०३, परदेशातील धार्मिक आणि धर्मादाय संस्थांना देणगी. हा कोड मला पहिल्या दिवशी माहीत असता तर एकोणीस दिवस आणि बायकोची बरीच बोलणी वाचली असती.

मी इंदूरचा, चर्चचा निवृत्त पाळक. आजोबा नगरहून मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय. म्हणजे अहिल्याबाईंच्या एका गावाहून निघून आम्ही त्यांच्याच दुसऱ्या गावी आलो, असं म्हणायला हरकत नाही.) आमची उपासना हिंदीत, घर मराठीत आणि रागावणं इंदुरीत.

सेवेतून मोकळा झालो तेव्हा जो तो विचारायचा, आता काय करणार? मी सांगायचो, शाळेत जाणार. सेरामपूर विद्यापीठाच्या ईश्वरविद्येच्या दूरस्थ अभ्यासक्रमाला नाव घातलं. हे सेरामपूर बंगालातलं, नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हे निदान दहा जणांना समजावून सांगितलं असेल. १८१८ साली कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांनी काढलेलं ते कॉलेज. त्याच गावातून कॅरीसाहेबाने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं, तेव्हा मराठी माणसाने तिथे शिकायला जाण्यात नवल ते काय! प्रवेश, फी, पुस्तकं, सगळं बिनबोभाट झालं.

ग्रीक मात्र अडली. तरुणपणी शिकलेली केव्हाच गंजून गेली होती. क्रियापदांची रूपं सकाळी पाठ करायची आणि दुपारच्या झोपेत घालवायची, असं चाललं होतं. मग पंडिता रमाबाईंची आठवण काढायचो. पन्नाशीच्या आसपास त्या बाईने हिब्रू आणि ग्रीक हातात घेतली आणि केडगावला बसून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते पूर्ण छापून आलं. तेव्हा माझ्या गाऱ्हाण्याला काही अर्थ नव्हता. सरावासाठी नव्या कराराचं मूळ ग्रीक वाचणाऱ्या एका ऑनलाइन गटात शिरलो. तिथे किसुमूचा एक तरुण पाळक भेटला.

किसुमू केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. मोम्बासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये तिथे पोहोचली, ती बांधायला आपल्याकडचेच हजारो मजूर गेले होते. या मुलाचं वय एकतीस, चार मंडळ्या, म्हणजे चार गावची चर्चं, सांभाळतो, मोटरसायकलवर फिरतो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला 'बाबा' म्हणायला सुरुवात केली. मला वाटलं, कोणी शिकवलं याला? तर स्वाहिलीतही बाबा म्हणजे बापच. चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला दुका, पैशाला पेसा. त्यांच्याकडे मोबाइलवरून पैसे पाठवतात त्याचं नावच एम-पेसा. ऐकून बायको म्हणाली, मग तुम्ही ग्रीकच्या नादी कशाला लागलात, हीच शिका, अर्धी येतेच आहे.

दर मंगळवारी रात्री आठला आम्ही बोलतो, तिथे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. पहिले तीन महिने मीच बोलत होतो. उपदेश कसा मांडावा, कुठे थांबावा, मयताच्या घरी किती वेळ बसावं. तो वहीत लिहून घ्यायचा आणि मला फार बरं वाटायचं. मग एकदा त्याने विचारलं, मंडळीच्या वडीलजनांनी (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी) चर्चच्या किल्ल्या माझ्याकडून काढून घेतल्यात, काय करू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्यावरही तीच पाळी आली होती आणि मी रागाच्या भरात जे केलं त्याने मंडळी दुभंगली होती. तेच त्याला सांगितलं. त्या रात्री त्याने वही काढली नाही.

तर त्याच्या चारांपैकी एका मंडळीचं छप्पर. पत्रे गंजून चाळण झालेली, ऑक्टोबरचा पाऊस यायच्या आत बदलायचे होते. त्याने मागितलं नाही, मीच विचारलं. आम्ही नवराबायकोंनी पेन्शनमधले पन्नास हजार द्यायचं ठरवलं. आमच्या मंडळीतले काही जण म्हणाले, आमचेही घाला. मी नको म्हटलं, आणि ते बरंच झालं. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची एलआरएस म्हणून जी योजना आहे तिच्यात पाठवणारी फक्त व्यक्ती असू शकते, ट्रस्ट किंवा सोसायटी नाही. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर. आम्ही पाठवणार होतो पावणेसहाशे! दुसऱ्यांची वर्गणी आपल्या खात्यात गोळा करून आपल्या नावावर पाठवण्याच्या भानगडीत पडू नका.

आता बँक. नाव सांगत नाही, शाखाही नाही. चाळीस वर्षांचं खातं आहे.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिला, 'चर्च' शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "फादरजी, ये तो एफसीआरए का मामला है." पहिली गोष्ट, मी फादर नाही. फादर कॅथलिकांचे, आमच्यात पाळक असतात. पण ते मी गेली चाळीस वर्षं सांगतोय, सोडून द्या. दुसरी गोष्ट, एफसीआरए हा २०१० चा कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या देणग्यांसाठी आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरवावा लागतो. माझा पैसा इथून तिकडे जाणार होता. बाईंना मी हाताने दाखवलं: इकडून तिकडे. त्या म्हणाल्या, चर्चचं आहे ना, मग एफसीआरए नंबर लागणारच.

मला हसूही येईना. १८७७ साली कॅनडाचे प्रेस्बिटेरियन लोक इंदुरात आले. तिकडच्या चर्चच्या वर्गणीवर इथे शाळा निघाल्या, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं. माझ्या आजोबांचा पगार त्याच पैशातला. म्हणजे आमच्याकडे पैसा फक्त येतो, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसावं याला शंभरावर वर्षांचं कारण आहे. इंदूरच्या एखाद्या पाळकाला आफ्रिकेत पैसे पाठवायचे असतील हे त्या बाईंच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक छापून नेलं. आता बाईंनी एलआरएस मान्य केलं, परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए-२ दिला आणि कोड टाकला एस१३०२, वैयक्तिक भेट. पुढचा रकाना, घेणाऱ्याशी नातं. मी लिहिलं, 'सहविश्वासी'. त्यांनी खोडलं. भाऊ आहे का? मुलगा? शेवटी चर्चच्या नावावर भेट जाईना. तेव्हा बाईंनी अगदी मनापासून सल्ला दिला, "किसी आदमी के नाम भेज दीजिए ना, कल ही हो जाएगा."

खरंच दुसऱ्या दिवशी झालं असतं. किसुमूहूनही तेच आलं: बाबा, माझ्या खात्यावर पाठवा, मी पावती देतो, पत्र्यांचा भाव वाढतोय.

मी नाही म्हणालो, आणि इथून पुढचे पंधरा दिवस मीच ओढवून घेतले. मिशनच्या पैशावरून झालेली भांडणं मी लहानपणापासून पाहिली आहेत. पाळकाच्या खासगी खात्यावर परदेशातून एक पैसा जरी उतरला तरी तो किती होता यावर मंडळी पाच वर्षं बोलते, त्यातून ज्याच्या किल्ल्या नुकत्याच गेल्यात त्याच्या खात्यावर! योग असा की तेव्हा आमच्या गटात दुसरं करिंथकर, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, त्याचा आठवा अध्याय चालला होता. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौल वर्गणी गोळा करतोय आणि एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी बोट दाखवू नये म्हणून आपल्या सहकारी तीताबरोबर आणखी माणसं धाडतोय. देवापुढे चोख असून भागत नाही, माणसांपुढेही चोख दिसलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. मी त्या मुलाला विचारलं, विसावं आणि एकविसावं वचन वाचलंस ना? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मंडळीच्या खात्याचा नंबर पाठवतो.

तिसऱ्या खेपेला १५सीए आणि १५सीबी मागितले, परदेशी पैसे पाठवताना तेव्हा आयकरासाठी भरायचे ते फॉर्म. सीएचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर फाइल पुढे जात नाही. ओळखीचे एक मराठी सीए आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून आयकराचा तेव्हाचा नियम ३७बीबी काढला. "पाळकसाहेब, तुम्ही एलआरएसमधून पाठवताय, रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागत नाही, तर हे फॉर्मही लागत नाहीत. आणि कोड चुकलाय तुमचा." एस१३०३ हे अक्षर-आकडे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकले. त्यांनी दोन ओळींचं पत्र दिलं, फी घेतली नाही, वर पोहे खायला घातले. ती दोन ओळींची चिठ्ठी घेऊन चौथ्यांदा गेलो, तर बाई रजेवर! त्यांच्या जागी बसलेल्या मुलाने सांगितलं की परकीय चलनाचं काम या शाखेत होतच नाही, मोठ्या शाखेत जा. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. (जाण्याआधी फोन करून विचारा, तुमच्या शाखेत परदेशी पैसे पाठवता येतात का. सगळ्या शाखांत येत नाहीत.)

मोठ्या शाखेत काम जाणणारा माणूस भेटला. पाच मिनिटांत फॉर्म भरला, पॅन घेतलं आणि म्हणाला, आता मुंबईहून होकार आला की झालं. मुंबईहून आला प्रश्न. काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने केनियाला २०२४ च्या फेब्रुवारीत करड्या यादीत, म्हणजे जास्त लक्ष ठेवायच्या देशांत, टाकलं होतं, म्हणून तिकडे जाणाऱ्या पैशाची जास्त चौकशी. चर्चचं नोंदणीपत्र द्या. किसुमूहून सोसायटी निबंधकाच्या प्रमाणपत्राचा फोटो आला, तिरका काढलेला. परत मागवला. मग कळलं, प्रमाणपत्रावरच्या नावात एक शब्द जास्त आहे, तो बँक खात्यावरच्या नावात नाही. त्या एका शब्दापायी सहा दिवस! शेवटी तिकडच्या बँकेने दोन्ही नावं एकाच संस्थेची असल्याचं लिहून दिलं. तेव्हा तुम्हाला कोणाला पाठवायचे असतील तर नोंदणीपत्र आणि खात्याचं नाव आधीच शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून घ्या. मी ग्रीकची हस्तलिखितं ताडून पाहण्यावर टिपणं काढत होतो आणि ही दोन नावं ताडायची राहिली.

एकोणिसाव्या दिवशी पैसे गेले. मी त्या बाबूला हात जोडले, तो गोंधळला. घरी येऊन झोपलो, त्या दिवशी क्रियापदं नाहीत.

खर्चाचं सांगायचं राहिलं. चलन बदलण्यावर जीएसटी नव्वद रुपये, पन्नास हजारांच्या एक टक्क्यावर अठरा टक्के. टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो आयकर, काही नाही, तो एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या वर गेलात तर, त्याआधी ही मर्यादा सात लाख होती. पण फॉर्मवर शुल्क कोणी भरायचं असा एक छोटा चौकोन असतो. तिथे 'एसएचए' (शुल्क दोघांत वाटून) वर खूण होती, मी पाहिलंच नाही. मधल्या बँकेने पंचवीस डॉलर कापून घेतले आणि तिकडे साडेपाचशेच उतरले. म्हणजे किती पत्रे गेले ते मी मोजलं नाही. तुम्ही 'ओयूआर' म्हणून सांगा, शुल्क आपल्याकडून जातं, रक्कम पूर्ण पोहोचते. आणि स्विफ्टची, म्हणजे बँकेने पैसे पाठवल्याच्या संदेशाची, प्रत त्याच दिवशी मागून घ्या, पैसे कुठे अडकलेत ते तिच्यावरून शोधता येतं.

पत्रे चढले. फोटोत खजिनदार, दोन वडीलजन आणि पाळक शिडीखाली उभे, त्यांतल्या तिघांच्या सह्यांची पावती वेगळी. किल्ल्या अजून वडीलजनांकडेच आहेत, पण फोटोत तरी सगळे एका बाजूला आहेत.

परवाच्या मंगळवारी तो फार खुशीत होता. मंडळीने नव्या छपराखालच्या पहिल्या उपासनेचं अर्पण बाजूला ठेवलंय, म्हणाला, तुमच्या इंदूरच्या मंडळीसाठी. तीन हजार शिलिंग. कुठल्या खात्यावर पाठवू, बाबा?

आता मात्र त्या बाईंचं एफसीआरए खरोखरच लागू होतं. मी त्याला म्हटलं, पैसे तिथेच ठेवा, पत्र लिहा, आम्ही उपासनेत वाचून दाखवू. त्याने विचारलं, का? मी संसद मार्गापासून सुरुवात केली आणि झूमची चाळीस मिनिटं संपली.