बुद्धिबळाचा डेटाबेस: लूप नेमका कुठे लागतो?

डावांचा डेटाबेस आता चालता झाला आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये खेळाडू आणि डाव अशी दोन टेबलं आहेत आणि या टप्प्यात सगळा भर पीएल/पीजीएसक्यूएलवर, म्हणजे पोस्टग्रेसच्या आत लूप आणि अटींसह प्रोग्राम लिहायच्या भाषेवर होता.

कोण किती डाव जिंकला हे मोजायला प्रोसिजर (डेटाबेसमध्ये साठवलेला प्रोग्राम) लागत नाही, एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेतला एक ग्रुप बाय, म्हणजे रोंचे गट पाडून मोजणी, पुरतो. पण ज्याने आधी पायथन किंवा सी हाताळलंय त्याचा हात आपसूक लूपकडे जातो: एक खेळाडू घ्या, त्याचे डाव मोजा, अपडेट करा, पुढचा घ्या. उत्तर बरोबर येतं, पण प्रत्येक फेरीला प्रोसिजरकडून एसक्यूएलकडे आणि परत अशी ये-जा होते. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसच्या पीएल/एसक्यूएल या तशाच भाषेत बल्क कलेक्ट आणि फॉरऑल ही अनेक रो एकदम हाताळायची सोय आहे ती ही ये-जा कमी करायलाच. एका अपडेटमध्ये बसणारं काम लूपमध्ये घालायचं नाही, हे मी आता नियम म्हणून पाळतो.

एलो रेटिंगला, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याला, मात्र लूप शोभतो, कारण प्रत्येक डावाचं गणित आधीच्या डावाच्या निकालावर उभं असतं. प्रतिस्पर्ध्याच्या रेटिंगमधून आपलं वजा करायचं, ४०० ने भागायचं, १० चा तेवढा घात घ्यायचा, त्यात १ मिळवायचा आणि १ ला त्या संख्येने भागायचं: हे झाले अपेक्षित गुण. १६०० वाला १४०० वाल्याशी खेळला तर त्याचे अपेक्षित गुण साधारण ०.७६. नवं रेटिंग काढताना मिळालेले गुण वजा अपेक्षित गुण याला ज्या आकड्याने गुणतात तो के २० धरला तर जिंकल्यावर त्याला जेमतेम ४.८ मिळतात; १४०० वाल्याने बाजी मारली तर त्याला १५.२. रिकर्सिव्ह क्वेरीनेही (स्वतःच्याच आधीच्या उत्तरावर पुन्हा चालणाऱ्या क्वेरीने) हे जमवता येतं, पण महिन्याभराने ती वाचताना डोकं धरावं लागतं. लूप सरळ वाचता येतो.

इथे एक बारकावा जपावा लागतो. रेटिंग इंटिजर (पूर्णांक) असेल तर पोस्टग्रेस -२०० भागिले ४०० चं उत्तर शून्य देतं. मग अपेक्षित गुण ०.५ होतात आणि दोघं बरोबरीचे असल्यासारखा हिशोब चालू राहतो. एररही येत नाही. म्हणून भाजक ४००.० असा लिहायचा. ओरॅकलच्या नंबर टाइपमध्ये हा प्रश्नच येत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. ऑर्डर बाय नसेल तर रो कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. नुसती तारीखही पुरत नाही, कारण एकाच दिवशी अनेक फेऱ्या होतात. तारीख आणि मग फेरी क्रमांक असा क्रम लावल्यावर निकाल दरवेळी तोच येतो.

सगळ्यात जास्त वेळ मी सिलेक्ट इन्टूवर, म्हणजे क्वेरीचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेण्यावर, घालवला आणि तो सार्थकी लागला. पीएल/एसक्यूएलमध्ये रो सापडली नाही तर 'नो डेटा फाउंड', एकाहून जास्त सापडल्या तर 'टू मेनी रोज' असे अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारे एरर) उठतात. पीएल/पीजीएसक्यूएल मात्र गप्प राहतं: रो नसेल तर व्हेरिएबलमध्ये नल (किंमतच नाही), जास्त असतील तर त्यातली पहिली. पीजीएन फाइलमधून (बुद्धिबळाचे डाव साठवायच्या मजकूर फाइलमधून) डाव भरताना नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की रेटिंग नल, अपेक्षित गुण नल, आणि त्याच्याशी खेळलेल्याचं नवं रेटिंगही नल. तिथून ते पुढच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यात पसरतं. इन्टूनंतर 'स्ट्रिक्ट' लिहिलं की अशा पहिल्याच चुकीला काम थांबतं. जोडीला रेटिंगच्या कॉलमला नॉट नल लावावंच.

एक्सेप्शन ब्लॉक, म्हणजे एरर पकडून पुढे जाणारा भाग, लूपच्या आत घालायचा मोह मी टाळला. पोस्टग्रेसमध्ये अशा प्रत्येक ब्लॉकसाठी एक सबट्रान्झॅक्शन (वेगळं मागे फिरवता येणारं उपकाम) उघडतं, आणि हजारो फेऱ्यांत तो खर्च जाणवतो. शिवाय एक डाव वगळून पुढे गेलं तर त्यानंतरचं सगळं रेटिंग चुकतं. त्यापेक्षा पूर्ण काम मागे फिरलेलं बरं. 'व्हेन अदर्स' (बाकी कुठलाही एरर आला तर) लिहून आत काहीच न करणं तर मला अजिबात पटत नाही. चूक झाल्याचा पुरावाच त्याने नाहीसा होतो.

आता ट्रिगरकडे, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या कोडकडे, वळतोय. नवा डाव शेवटी आला तर दोनच खेळाडूंचं रेटिंग बदलेल, पण जुन्या तारखेचा डाव भरला तर त्या तारखेपासून पुढचं सगळं पुन्हा मोजावं लागेल. त्यामुळे ट्रिगरने स्वतः गणित न करता फक्त 'इथून पुढे मोजायचंय' अशी तारीख एका छोट्या टेबलात लिहावी आणि मोजणी वेगळ्या प्रोसिजरने करावी, असा विचार आहे. कोणी असं केलं असेल तर एकाच वेळी दोघांनी डाव भरले तेव्हा लॉक (एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप) कुठे घेतला, ते जरूर लिहा.