सेट बसतो कुठे?

दागिन्यांचा सेट, नाटकाचा सेट, सेट डोसा, खेळपट्टीवर सेट झालेला फलंदाज, अमेरिकेत सेट झालेला भाचा. 'सेट' मराठीत इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. त्याच्या माहेरी मात्र त्याचा पसारा अफाट आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदवले आहेत आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. म्हणजे एक छोटी कादंबरीच. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने ६४५ अर्थ जमवून त्याचा पहिला नंबर घेतला, पण तो हिशेब वेगळा.

४३० अर्थ पाठ कुणी करायचे? मराठी माणसाला तर गरजच नाही. त्याच्याकडे किल्ली आहे: बसवणे. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे मुळात त्याचंच प्रयोजक रूप. आपण बसणेवरून बसवणे करतो, अगदी तसं. दोघांचं मूळ आणि संस्कृतातला 'सद्' धातू एकाच घराण्यातले. आपले सदन, परिषद, संसद, उपनिषद त्याच 'सद्'वरून आले.

किल्ली लावून बघा. अंगठीत खडा बसवतात: सेट. निखळलेलं हाड बसवतात: सेट, आपला हाडवैद्य तिकडे 'बोनसेटर' असतो. इंग्रजांचा सूर्यसुद्धा संध्याकाळी खाली बसतो, आपला मावळतो. अमेरिकेतल्या भाच्याचं पाहिलं, तर इंग्रज त्याला 'सेट' म्हणणार नाही, 'सेटल' म्हणेल. पण 'सेटल'ही बैठकीसाठीच्या जुन्या शब्दावरून आलेला. आपण म्हणतोच की, बस्तान बसलं!

काही कुलपांना मात्र ही किल्ली लागत नाही. गजर, सापळा, दही हे सगळं आपण लावतो, ताटं मांडतो. इंग्रज या सगळ्याला 'सेट'च म्हणतो. इथे आपली क्रियापदं जास्त चोखंदळ आहेत, असं माझं मत.

या शब्दाचा सगळ्यात कडक अर्थ सिमेंटमध्ये सापडतो. तिथे 'सेट होणे' आणि 'मजबूत होणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घर बांधणारे नेमके तिथेच फसतात. सेट होणे म्हणजे कालवलेल्या मालाचा लवचिकपणा जाणे. प्रयोगशाळेत ४० मिलिमीटर खोल साच्यात सिमेंटचा लगदा भरून वरून एक मिलिमीटर जाडीची चौकोनी सुई सोडतात. सुई तळापासून साधारण ५ मिलिमीटरवर अडली की पहिला सेट झाला. साध्या पोर्टलंड सिमेंटला याला किमान ३० मिनिटं लागली पाहिजेत, आणि शेवटचा सेट ६०० मिनिटांच्या आत व्हायला हवा. मजबुती मात्र पुढे कित्येक दिवस वाढत राहते. म्हणून निदान सात दिवस पाणी मारायचं आणि ताकद २८ दिवसांनी तपासायची. 'स्लॅब सेट झाला, आता पाणी कशाला' म्हणणाऱ्याला पुढे भेगा बघाव्या लागतात.

त्यातही एक 'खोटा सेट' असतो. सिमेंट लगेच बसू नये म्हणून दळताना त्यात थोडा जिप्सम घालतात. दळण फार तापलं तर त्या जिप्सममधलं पाणी उडतं आणि त्याचं जवळजवळ प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. मग पाणी घातल्यावर काही मिनिटांतच माल ताठरतो, पण फारसा तापत नाही. अशा वेळी वरून पाणी न घालता तसाच पुन्हा घोटला की तो मऊ येतो. घाबरून पाणी ओतलं तर ताकद गेलीच. माल ताठरताना चांगला गरम झाला, तर मात्र तो खोटा सेट नव्हे; तो घोटून सुधारत नाही.

सुताराचा 'सेट' याहून निराळा. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवतात, त्याला हा शब्द. त्यामुळे लाकडात पडणारी खाच पात्यापेक्षा रुंद होते आणि पातं मोकळं चालतं. दात सरळ असतील तर पातं तापतं, अडकतं. ओल्या लाकडाला दात जरा जास्त वाकवावे लागतात. वाकवायचा तो दाताचा वरचा अर्धा भागच. मुळापासून वाकवला तर मोडतो. आधी दातांची उंची सारखी करायची, मग वाकवायचे, कानस शेवटी.

आता चहाचा सेट. तो या घराण्यातला नव्हेच. समूह या अर्थाचा 'सेट' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. पंथ या अर्थाच्या 'सेक्ट'चा तो भाऊ. दोन वेगळी माणसं एकाच नावाने एकाच घरात राहायला लागली आणि पुढे त्यांचं इतकं मिसळलं की कुठला अर्थ कुणाचा हे कोशकारांनाही सोडवत बसावं लागतं. म्हणून इथे 'बसवणे' चालत नाही, 'संच' चालतो.

आपणही भर घातलीच आहे. 'सेटिंग' म्हणजे इंग्रजीत कोंदण, पार्श्वभूमी, फोनमधली मांडणी. मराठीत 'त्याची आत सेटिंग आहे' म्हटलं की कोंदणाचा विचारही कुणी करत नाही. शिवाय सहायक प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पात्रता परीक्षा, तीही 'सेट'. तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, बाकी दोन्ही घराण्यांशी नातं शून्य. मराठीत परीक्षा स्त्रीलिंगी, म्हणून घोटाळा होत नाही एवढंच. कुणी विचारलं तर आई बिनचूक सांगते, "मुलाची सेट झालीय, पण मुलगा अजून सेट झाला नाही."