नववी 'ब'ची शिरगणती

स्मरणिकेसाठी शिक्षकांच्या आठवणी मागवल्या आहेत. माझी आठवण शिक्षकाची नाही, ऑफिसातल्या भाऊसाहेबांची आहे. संपादक मंडळाने चालवून घ्यावी.

1991 चा जानेवारी. जनगणनेच्या प्रशिक्षणाला एकदम सात-आठ शिक्षक जायचे आणि वेळापत्रकाचा बोजवारा उडायचा. पर्यवेक्षक स्टाफरूमच्या दारावर बदली तासांचा कागद लावायचे. त्यात ज्याच्या नावापुढे 'नववी ब' असेल त्याचं तोंड कडू व्हायचं. हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्याची मिजासही होती.

ऑफ तासाला आमचे ठरलेले उद्योग होते. सर डावीकडे वळले की उजवीकडून तोंड मिटून 'हूंऽऽ' घुमायचं. नाव विचारलं की शेजाऱ्याचं सांगायचं. 'आम्हाला या तासाला ग्राउंडवर सोडतात' ही थाप तर सातवीपासूनची. त्यात आखाती युद्ध सुरू झालेलं. खिडकीकडची रांग इराक, दाराकडची अमेरिका, आणि कागदी स्कड क्षेपणास्त्रं पडायची ती मधल्या रांगेतल्या गरिबांच्या डोक्यावर. पी.टी.चे सर आले की वेताच्या धाकाने वर्ग चिडीचूप, आणि त्यांची पाठ वळली की दुप्पट दंगा. एक नव्या बाई तर रडत बाहेर गेल्या होत्या. त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही लढाई जिंकल्यासारखे फिरत होतो. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

मी मॉनिटर होतो. फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहायची आणि पुन्हा बोलला की पुढे फुली मारायची, हे माझं काम. एका फुलीला एक छडी. नाव पुसायचा माझा दर मूठभर बोरं. फुल्या वाढल्या तर पेरू. (माझे वर्गमित्र हे वाचतील. वसुली करू नये, मुदत टळून गेली आहे.)

अशाच एका भूगोलाच्या तासाला दारात भाऊसाहेब उभे राहिले. कानाला पेन्सिल, काखेत पावतीपुस्तक. पाठवायला शिक्षकच उरले नव्हते म्हणून क्लार्क पाठवला! मागून कुणीतरी म्हणालं, "काय बे, आता फी मागतंय की काय?" वर्ग हसला. भाऊसाहेबही हसले.

त्यांनी पहिल्या बाकावरच्याला नाव विचारलं. त्याने नेहमीप्रमाणे शेजाऱ्याचं सांगितलं. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "असं का? मग तुझा जन्म 1 जूनचा. आणि हा शेजारचा ऑगस्टचा." वर्गाचा आवाज एकदम खाली आला. जनरल रजिस्टर ज्याच्या हातचं, त्याला नाव काय फसवणार!

मग त्यांनी डस्टर घेऊन माझी सगळी यादी पुसली. फुल्यांसकट. बोरांचं नुकसान माझ्या डोळ्यांदेखत झालं. रिकाम्या फळ्यावर रकाने आखले: वय, मातृभाषा, येणाऱ्या भाषा, आईचं काम, वडिलांचं काम. "तुमचे सर जे शिकायला गेलेत तेच आपण करू. प्रत्येक रांगेला एक प्रगणक. मोजताना बोलायला परवानगी आहे."

बोलायला परवानगी म्हटल्यावर दंगा करायचा तरी कसा?

वयाच्या रकान्यात निम्मा वर्ग 1 जूनचा निघाला. "तुमच्या बापांनी तारीख सांगितली नाही की मीच ती टाकतो," भाऊसाहेब म्हणाले. मातृभाषेला खरी जुंपली. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी, आणि कानडीवाले वेगळेच. कोणती लिहायची? भाऊसाहेबांनी सांगितलं, लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. बेरीज आली 49. सकाळच्या हजेरीत 51. "दोन नागरिक कुठे गेले?" दोन नागरिक पाण्याच्या टाकीमागे पत्ते खेळत होते. त्यांना आणायला मॉनिटर म्हणून मलाच पिटाळलं.

परत आलो तर माझ्या नावापुढचा एक रकाना रिकामा होता.

"आईचं काम?"

"काही करत नाही."

बऱ्याच जणांनी हेच सांगितलं होतं. भाऊसाहेबांनी कानावरची पेन्सिल काढली. "काही करत नाही? मग विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा तुझा फॉर्म मी कशाला भरला? कार्डाचा नंबर काय माझ्या आईचा होता?"

वर्ग हसला, पण थोडाच. आमच्यात निम्म्यांचे फॉर्म त्यांनीच भरलेले होते. ते मग सर्वांकडे बघत म्हणाले, यंदा सरकारने मुद्दाम सांगितलंय, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणं हेसुद्धा काम धरायचं. "मग पैसे घेऊन वळलेली विडी काम नाही होय?" एकेक जण उठून फळ्यावरचं आपलं उत्तर बदलून आला. घंटा कधी झाली कळलं नाही. खुर्चीवर मात्र ते तासभरात एकदाही बसले नाहीत.

फेब्रुवारीत आमच्या घरी प्रगणक आले ते नेमके आमचे भूगोलाचे सर. आई उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसलेली, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. सरांनी वडिलांचं सगळं विचारून घेतलं, मग तिचं काम विचारलं. तिने मान हलवली, "एमी लेदु." काही नाही. सरांचं पेन कागदावर टेकलं.

"सर, विड्या वळते," मी म्हणालो.

सरांनी आधी माझ्याकडे, मग सुपाकडे पाहिलं. "दिवसाला किती?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "वेय्यी."

इतकी वर्षं पूर्व भागात काढलेल्या सरांना हजाराचं भाषांतर लागलं नाही.