पसरणी चढताना योना

उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या) एखाद्या शनिवारी आमची ख्रिस्ती मंडळी पसरणी घाटाने वाईहून पाचगणीला पायी जाते. अंतर बारा-तेरा किलोमीटर, चढ सुमारे सहाशे मीटर. सोबत बायबलमधलं योना या संदेष्ट्याचं पुस्तक. चारच अध्याय, ४८ वचनं. एका विसाव्याला एक अध्याय.

पहाटे पाचला पाय उचलायचा, कारण नऊनंतर घाटातलं डांबर तापतं. पाणी माणशी दोन लिटर, आणि मीठ-साखरेची पुडी. उपवास आहे म्हणून रिकाम्या पोटी चढणारा हमखास घेरी येऊन बसतो. साखरेचा त्रास असणाऱ्याने भाकरी खाऊनच निघावं. गाड्यांकडे तोंड करून उजव्या कडेने चालायचं. मात्र रस्ता उजवीकडे वळतो तिथे समोरची गाडी डोंगराला घासून येते आणि आपण तिला दिसत नाही. अशा वळणाआधीच रस्ता ओलांडून बाहेरच्या बाजूला जावं. भजनं विसाव्याला म्हणावीत, चढावर दम टाळाला पुरत नाही. खाऊ पिशवीतच ठेवा, माकडं हातातलं नेतात.

पहिला अध्याय वाईतच, कृष्णेच्या काठी वाचतो. ‘ऊठ, निनवेला जा’ असं देव म्हणतो; निनवे हे शत्रूचं, अश्शूरांचं मोठं शहर. योना उठतो, पण उलट दिशेच्या तार्शीशला पळून जायला. मूळ हिब्रूत इथून एकच क्रियापद चारदा येतं: तो याफो बंदराला उतरला, जहाजात उतरला, जहाजाच्या पोटात उतरला आणि दुसऱ्या अध्यायात थेट पर्वतांच्या बुडाशी उतरला. निघताना अडचण कुठेच आली नाही. बंदरात जहाज तयार होतं, भाड्याला पैसे होते, वर झोपही लागली. वाट सोपी झाली म्हणजे देवाची संमती मिळाली, असं मानणाऱ्यांनी तिसरं वचन दोनदा वाचावं.

पुढे वादळ उठतं, खलाशी योनाला समुद्रात टाकतात आणि मोठा मासा त्याला गिळतो. माशाचं पोट म्हणजे शिक्षा, असं रविवारच्या शाळेत सर्रास शिकवतात. ते चूक आहे. बुडणं हे मरण होतं आणि मासा ही सुटका. म्हणूनच दुसऱ्या अध्यायातली प्रार्थना गाऱ्हाण्याची नाही, उपकारस्तुतीची आहे. त्याआधी परक्या खलाशांनी त्याला वाचवायला जिवाच्या आकांताने वल्ही मारली, तीही दयाच. प्रभू येशूने माशाच्या पोटातले हेच तीन दिवस स्वतःच्या मरणाची आणि उठण्याची खूण म्हणून सांगितले (मत्तय १२).

तिसऱ्या अध्यायाला सावलीचं वळण गाठावं. सुरुवातीचा ‘दुसऱ्यांदा’ हा शब्द सावकाश वाचायचा. देव मागचा हिशेब काढत नाही, तीच आज्ञा पुन्हा देतो. सातारकरांना इथे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक आठवतात. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला १८९५ च्या फेब्रुवारीत. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणाऱ्या या माणसाने १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला.

योनाचा उपदेश हिब्रूत फक्त पाच शब्दांचा: चाळीस दिवसांनी निनवे उलथेल. त्यातल्या ‘उलथणे’ या क्रियापदाचा ‘पालटणे’ असाही अर्थ होतो, आणि झालंही तसंच. राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांनी पश्चात्तापाचं गोणताट पांघरलं.

चौथा अध्याय पाचगणीच्या अलीकडे सिडनी पॉइंटवर वाचावा. खाली वाई, धोम धरणाचं पाणी, पलीकडे पांडवगड. योनाही असाच शहराबाहेर बसून होता, शहराचं काय होतं ते पाहत. शहर वाचलं म्हणून तो रागावला होता. तो पळाला का, ते इथे त्याच्याच तोंडून कळतं: तू दयाळू, मंदक्रोध आहेस हे मला आधीच ठाऊक होतं. म्हणजे पळ भीतीपोटी नव्हताच. शत्रूला दया मिळेल, हे त्याला सोसत नव्हतं. मग वेल उगवते, कीड लागते, पूर्वेचा झळांचा वारा सुटतो. पॉइंटवर सावली फार नाही, त्यामुळे हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

पायी परतणाऱ्यांनी इथेच बूट काढून पुन्हा बांधावेत. नाडी पंजावर सैल आणि घोट्याशी घट्ट हवी. नाहीतर उतारावर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं आदल्या दिवशीच कापलेली बरी. चढताना दम जातो, पण गुडघे उतरतानाच धरतात. ज्यांचे दुखरे आहेत त्यांनी पाचगणीहून एसटी धरावी, भाड्याचे सुटे पैसे सकाळीच वेगळे ठेवावेत.

निघण्यापूर्वी शेवटचं वचन एकाने उभं राहून वाचायचं. उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं; मी त्यांची कीव करू नये काय? योनाचं उत्तर पुस्तकात नाही. वाचणारा पुस्तक मिटतो, आणि थोडा वेळ सगळे खाली वाईकडे बघत बसतात.