पाठ टेकल्यावरची कुस्ती

३ डिसेंबर २०२१ ला सिंगापुरात कुस्तीतून आलेली रितू फोगाट मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाच्या) लढतीत थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सकडून हरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिममध्ये सराव सुरूच होईना. मी पुण्यात मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवतो. त्याआधी नऊ वर्षं कोल्हापूरच्या तालमीत घालवली. त्या दिवशी माझे वस्ताद मुक्कामाला होते, तेही जिमवर आले.

जिउ-जित्सूची, म्हणजे जमिनीवर धरून सांधे ताणायच्या आणि गळा आवळायच्या खेळाची, पोरं एकच धरून बसली होती. "सर, तिला ग्रॅपलिंग, जमिनीवरची धरपकड, येत नाही. ठोसे-लाथांच्या मुए थाईवालीनं खालून तिला आर्मबार लावला, कोपरच ताणलं!"

वस्तादांना ते झोंबलं. "तेवीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक आणलंय तिनं, २०१७ साली. आणि पाठीवर पडलेली बाई जिंकतीच कशी?"

मला दोघांचंही पटेना. पोरांना सांगितलं, याच खेळातला जस्टिन गेथजीही अमेरिकेतल्या विद्यापीठ कुस्तीत नावाजलेला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये रशियाच्या खबीब नुरमागोमेडोवनं त्याला ट्रायँगलमध्येच, पायांनी गळा आवळून, संपवलं. त्याची कुस्ती कच्ची म्हणाल का? खबीब लहानपणापासून सांबोही, म्हणजे रशियन कुस्तीचा प्रकारही, खेळलेला, आणि सांबोत हाताची कुलपं, सांधे ताणणारे डाव, चालतात. फरक तिथं पडतो. आपल्याकडं दोन्ही खांदे टेकले की निकाल लागतो, त्यामुळं त्यानंतरच्या क्षणाची भीती पैलवानाच्या अंगात कधी भरलेलीच नसते.

बोलून काही होईना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तालमीतून आलेल्या एका पठ्ठ्याला मॅटवर बोलावलं. समोर बासष्ट किलोचा जिउ-जित्सूचा पोरगा. पठ्ठ्यानं दोन्ही पाय धरून सुरेख दुहेरी पट काढला, पोरगा पाठीवर. वस्तादांच्या तोंडून "शाबास!" निघालं. पठ्ठ्यानं सवयीनं खांदे दाबायला हात लांब केला. खालच्यानं मनगट छातीशी धरलं, कंबर वळवली, एक पाय तोंडावरून टाकला आणि कोपर ताणलं. पठ्ठ्यानं टॅप केलं, थोपटून हार मानली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही हात तसाच लांब गेला.

वस्ताद उठले. पासष्टी ओलांडलेला माणूस, धोतर खोचून मॅटवर गुडघ्यांवर बसला आणि त्या पोराला म्हणाला, "मला लाव. हळू लाव, पण खरा लाव."

कोपर ताणलं जाताना मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांनी दोनदा थोपटलं, हात सोडवून घेतला आणि बराच वेळ कोपर चोळत तसेच बसून राहिले. मग विचारलं, "हिथं येण्याआधी सुटका कुठं हुती?"

मी दाखवलं. कोपर बरगडीला चिकटलेलं हवं, डोकं वर, पाठ ताठ, आणि खांदे दाबायची घाई नको. आधी त्याचे पाय ओलांडायचे.

वस्तादांनी पठ्ठ्याला हाक मारली, त्याचं कोपर स्वतःच्या हातानं त्याच्या बरगडीशी दाबून धरलं आणि म्हणाले, "आता काढ पट." त्या दिवशी दुपारी एकपर्यंत जेवायला कुणी गेलं नाही.